हुंकार आणि होकार

इंग्रजीचा धडा संपवून आम्ही वर्गाला विचारीत असू, "समजले ना?" आणि चाळीस कंठांतून एकदम उत्तर येई, "येस् सर!" हा घोष इतका खणखणीत असे की, आपल्या अध्यापनात काही उणे राहिले असेल अशी शंकासुद्धा मनाला शिवत नसे. हा घोष म्हणजे समजल्याची पावतीच, असे आम्ही पुष्कळ वर्षे धरून चाललो. ती पावती नव्हती, हे आम्हांला आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने शिकवले. आणि या वार्षिकांकाच्या निमित्ताने आम्ही जे चार शब्द लिहीत आहोत, ते त्या शिकवणुकीविषयीच होत.

हा विद्यार्थी शालान्त परीक्षेनंतर समुद्रकाठच्या एका हॉटेलात वेटर म्हणून लागला. मुलगा हुशार, वाक्याचा प्रयोग बदलणे, गाळलेले शब्द भरणे यांत त्याचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका परदेशी बाईंनी जेवण मागवताना त्याला सांगितले की, मला काजू अजिबात चालत नाही, तो पोटात गेला तर माझा श्वास कोंडतो. बाई भरभर बोलत होत्या. आमचा विद्यार्थी प्रत्येक वाक्याला मान लववून "येस् मॅडम, येस् मॅडम" म्हणत होता. त्याने आणलेल्या भाजीचा रस्सा काजूच्या वाटणाचा होता. ताट मेजावर ठेवले जाण्यापूर्वी एका वयस्क वेटरने ते पाहिले आणि निमूटपणे परत नेले, म्हणून अनर्थ टळला. चवथीच्या सुट्टीत तो मुलगा आम्हांला भेटावयास आला, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, मी 'येस्' म्हटलं ते 'ऐकतोय' अशा अर्थानं. बाईंना वाटलं, मला समजलं."

त्या रात्री आम्हांला लवकर झोप आली नाही. त्याचे ते "येस्" कोणी घडवले होते? दररोज "समजले ना?" असे विचारून आणि चाळीस जणांचा एकच घोष मान्य करून आम्हीच घडवले होते.

दुसऱ्याचे बोलणे ऐकताना आपण जे लहानसे शब्द उच्चारतो, त्यांची गणना आपण भाषेत करीतच नाही. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना केवलप्रयोगी अव्ययांच्या कोपऱ्यात जागा मिळते आणि परीक्षेत एखादा गुण. परंतु आपल्या घरात त्यांचा मान फार जुना आहे. आमच्या घरची भाषा कोंकणी. रात्री दिवे मालवल्यावर आजी काणी सांगू लागे, तेव्हा तिची पहिली अट अशी की, हुंकार देत राहिले पाहिजे. प्रत्येक वाक्याला आम्ही "हं" म्हणावयाचे; हुंकार थांबला की काणी थांबे, कारण पोर झोपले हे आजीला कळे. आता असे पाहा की, राक्षसाने राजपुत्राला गिळले, या वाक्यालाही आम्ही "हं"च म्हणत होतो. राक्षसाने केले ते योग्य केले, असा त्याचा अर्थ होता काय? मुळीच नाही. 'ऐकले, पुढे सांग', एवढाच त्याचा अर्थ. हुंकार निराळा आणि होकार निराळा, हा भेद आजीच्या कुशीतल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होता.

ऐकणाऱ्याचा हा वाटा थोरामोठ्यांनीही ओळखला आहे. ज्ञानेश्वरमहाराजांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे काय मागितले? अवधान. शाहिराचा पोवाडा रंगतो तोही मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांच्या 'जी जी'च्या आधारावर. जपानी लोकांनी तर या कलेला 'आइझुची' असे स्वतंत्र नावच दिले आहे. लोहाराच्या भात्यापाशी उस्ताद आणि शागीर्द तापलेल्या लोखंडावर आळीपाळीने घण घालतात. त्या दुसऱ्या घणावरून हा शब्द आला. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर इंग्वी यांनी 1970 साली या शब्दांना 'बॅक चॅनल' म्हटले; म्हणजे बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे जो ओघ वाहतो, त्याच्या उलट दिशेने वाहणारा हा लहानसा ओघ. तेव्हा हा काही इंग्रजांनी शोधलेला शिष्टाचार नव्हे. तो सर्व मनुष्यमात्राचा आहे. शब्द तेवढे ज्याचे त्याचे निराळे.

मग आमच्या विद्यार्थ्यांची अडचण कोठे होते? ती येथे होते की, मराठीत आणि कोंकणीत ज्या जागी आपण दहा निरनिराळे शब्द सहज वापरतो, त्या सर्व जागी इंग्रजीत आपण एकच "येस्" ठेवतो. मराठीत आपण म्हणतो हं, बरं, असं होय, हो का, कळलं, खरं आहे, करतो. कोंकणीत हय, अशें काय, कळ्ळें, जायत. यांतील प्रत्येकाची जागा आपल्याला न शिकवता कळते. इंग्रजीतही अशाच पायऱ्या आहेत. त्या चार पायऱ्या ध्यानात ठेवल्या तर पुष्कळसा गोंधळ दूर होईल.

पहिली पायरी 'ऐकले' ही. तिच्यासाठी इंग्रजीत "आय् सी" असा प्रयोग आहे. शब्दशः पाहता त्याचा अर्थ 'मी पाहतो' असा होईल, आणि आमच्या वर्गातील एका मुलाने तो ऐकून खिडकीबाहेर पाहिलेही होते; परंतु त्याचा खरा अर्थ आपले "असं होय!" हाच आहे. मात्र आपल्या "असं होय"प्रमाणेच तोही सुरावर अवलंबून असतो. सौम्यपणे म्हटला तर त्यात आस्था दिसते, तोडून म्हटला तर नाराजी. दुसरी पायरी 'समजले' ही. तिला "आय् अंडरस्टँड" म्हणावे; मित्रामित्रांत "गॉट इट" चालते, पण ते मुख्याध्यापकांपुढे म्हणू नये. तिसरी पायरी 'मान्य आहे' ही. "आय् अग्री", "दॅट्स ट्रू" हे शब्द तिचे. येथे एक सूक्ष्म भेद आहे. "आय् टेक युअर पॉइंट" म्हणणारा मनुष्य 'तुमचा मुद्दा माझ्या ध्यानात आला' एवढेच सांगतो. तो मला पटला, असे तो सांगत नाही. "फेअर इनफ" म्हणणारा 'तुमचे म्हणणे रास्त आहे' असे कबूल करतो, पण तेवढ्याने आपले मत सोडतोच असे नाही. आणि चौथी पायरी 'करतो' ही. "सर्टनली", "आय् विल" हे तिचे शब्द. ही पायरी म्हणजे वचन होय. ती चढण्यापूर्वी खालच्या पायऱ्यांवर पाय नीट पडला आहे ना, हे पाहिले पाहिजे. आमचा तो विद्यार्थी पहिल्या पायरीवर उभा होता. त्याच्या "येस्"ने बाईंना मात्र तो चौथ्या पायरीवर दिसला.

ज्यांच्या कामात चुकीला क्षमा नसते, त्यांनी या पायऱ्या फार काटेकोरपणे वेगळ्या केल्या आहेत. आमच्या गोव्यातील कित्येक घरांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर नोकरीस गेले. त्यांना आपण तारवटी म्हणतो. इंग्रजांच्या आरमारी शिस्तीत हुकूम मिळाला म्हणजे खलाशी "येस् सर" म्हणत नाही, "आय आय, सर" म्हणतो. हा 'आय' म्हणजे 'मी' नव्हे, तो 'होय' या अर्थाचा जुना शब्द आहे. आणि दोनदा उच्चारला की त्याचा अर्थ 'हुकूम समजला, आता बजावतो' असा होतो. बिनतारी यंत्रावर बोलणारे वैमानिक "रॉजर" म्हणतात. 'पोहोचले' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आर. त्या काळच्या अक्षरमालेत आर या अक्षराची खूण रॉजर, म्हणून हा शब्द रूढ झाला. पुढे अक्षरमाला बदलली, रॉजर मात्र राहिला. 'तुमचे बोलणे पूर्ण पोहोचले' एवढाच त्याचा अर्थ. 'तसे करीन' असे सांगावयाचे तर "विल्को" म्हणावे लागते, आणि प्रश्नाला 'होय' म्हणावयाचे तर "अफर्म". म्हणजे हुंकाराला एक शब्द, होकाराला दुसरा आणि वचनाला तिसरा.

इतक्या काटेकोरपणाची गरज काय, असे कोणी विचारील तर त्याने 27 मार्च 1977 या दिवसाचे स्मरण करावे. कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे येथील विमानतळावर त्या दिवशी दाट धुके होते. एक डच आणि एक अमेरिकी अशी दोन प्रचंड विमाने एकाच धावपट्टीवर होती. डच विमानातून संदेश गेला की, आम्ही आता उड्डाणावर आहोत. या वाक्याचा अर्थ 'उड्डाणास सज्ज आहोत' असाही होऊ शकत होता आणि 'निघालो' असाही. मनोऱ्यातून उत्तर आले, "ओके", आणि क्षणभर थांबून, "थांबा, मी सांगेन." परंतु त्याच क्षणी अमेरिकी विमानातून कोणी बोलू लागल्यामुळे डच वैमानिकांच्या कानी त्या पुढच्या शब्दांवर कर्कश आवाज आला. विमान धावतच राहिले. त्या टकरीत 583 माणसे प्राणास मुकली. या अपघाताची कारणे अनेक होती, एका शब्दावर सारा दोष टाकणे न्यायाचे होणार नाही. तथापि त्यानंतर जगभरच्या विमानवाहतुकीत जे नियम कडक झाले, त्यांचे सार असे की, महत्त्वाच्या सूचनेला नुसते "ओके" किंवा "रॉजर" म्हणून भागत नाही. ऐकलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखविली पाहिजे. आजीच्या हुंकाराहून ही पुढची पायरी. पण तत्त्व तेच.

आता आपल्या नेहमीच्या बोलण्यातील दोन-तीन खाचखळगे सांगतो. कोणी काही नवे सांगितले की आपण "हो का?" म्हणतो. 'मी सायकल घेतली', 'भाऊ आजारी आहे', 'ताईला पोहता येते' या तिन्ही वाक्यांना हा एकच उद्गार पुरतो. म्हणून इंग्रजीतही आपण सर्वत्र "इज इट?" म्हणतो. आपल्या देशात ते सर्वांना समजते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु इंग्रज मनुष्य येथे समोरच्याचे क्रियापद उचलतो. सायकल घेतली म्हणाल तर "हॅव यू?", भाऊ आजारी आहे म्हणाल तर "इज ही?", ताईला पोहता येते म्हणाल तर "कॅन शी?" यात आम्हांला एक मौज वाटते. समोरच्याचे वाक्य लक्षपूर्वक ऐकल्यावाचून हे उत्तर देताच येत नाही. तेथे व्याकरण हीच अवधानाची कसोटी ठरते.

दुसरा खळगा नकारार्थी प्रश्नाचा. "तू काल आला नाहीस?" असे विचारले तर आपण म्हणतो, "हो, नाही आलो." आपला "हो" प्रश्नकर्त्याच्या तर्काला दुजोरा देतो. इंग्रजीत मात्र "येस्" आणि "नो" हे आपल्या स्वतःच्या क्रियेला धरून असतात. आला नसाल तर "नो, आय् डिडन्ट" असेच म्हटले पाहिजे. नुसते "येस् सर" म्हणून बसलात तर तुम्ही आला होतात, असा अर्थ होईल आणि हजेरीपट तुम्हांला खोटे पाडील. म्हणून "येस्" किंवा "नो" एकटा कधी सोडू नये. त्याच्या सोबतीला क्रियापद द्यावे.

तिसरा दुःखाच्या प्रसंगाचा. 'माझे आजोबा वारले' असे कोणी सांगितले तर इंग्रज मनुष्य "आय् ऍम सो सॉरी" म्हणतो. हा शब्द आपण केवळ क्षमा मागण्यासाठी शिकलो असल्यामुळे आमची मुले गोंधळतात आणि 'हरकत नाही, तुमचा काय दोष?' अशा अर्थाचे काहीतरी बोलून जातात. तेथे "सॉरी" म्हणजे 'ऐकून वाईट वाटले'. त्याला "थँक यू" एवढे उत्तर पुरे आहे.

असो. आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतात, त्यांचा विचार केला पाहिजे. काही पालक म्हणतात, 'परीक्षेत याला गुण किती? मुलांकडून निबंध पाठ करून घ्या.' त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, निबंध ऐकावयास कोणी थांबत नाही. दवाखान्यात, कचेरीत, नोकरीच्या मुलाखतीत समोरचा मनुष्य एक वाक्य बोलतो आणि आपल्या उत्तराची वाट पाहतो. दुसरे काही भाषाभिमानी गृहस्थ म्हणतात, 'मराठी शाळेतल्या मुलांना ही साहेबी नक्कल कशाला?' त्यांचा अभिमान आम्हांला वंद्य आहे. परंतु आम्ही नक्कल शिकवीत नाही. प्रत्येक वाक्याला निष्कारण "या, या" करणारा मुलगा आम्हांलाही तितकाच असह्य होतो. उलट आमचा अनुभव असा की, इंग्रजीतील हे भेद शिकताना मुलांना आपल्या "बरं" आणि "असं होय" यांतील बारकावे प्रथमच दिसू लागतात.

तिसरा आक्षेप कोणी बोलून दाखवीत नाही, पण तोच सर्वांत खोल आहे. 'मला समजले नाही' असे वडीलधाऱ्यांना सांगणे, हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. मान खाली घालून "हो" म्हणणारे मूल गुणी, आणि पुन्हा विचारणारे मूल आगाऊ! दारी नंदीबैल येतो, ढोलकीची गुबगुब झाली की प्रत्येक प्रश्नाला मान हलवतो, आणि आपण हसतो. पण मुलांनी तशीच मान हलवली तर आपल्याला ती आज्ञाधारक वाटतात. याच मुलांना मोठेपणी 'होयबा' म्हणून हिणवावयास आपण मोकळे! आमच्या मते खरा अनादर न समजता "येस्" म्हणण्यात आहे. कारण त्याने आपण समोरच्या माणसाला फसवतो. न समजल्याचे नम्रपणे सांगण्याचे शब्द इंग्रजीत विपुल आहेत. "सॉरी, आय् डिडन्ट कॅच दॅट", म्हणजे मला नीट ऐकू आले नाही. "कुड यू से दॅट अगेन, प्लीज?", म्हणजे कृपा करून पुन्हा सांगाल का? आणि सर्वांत उत्तम मार्ग वैमानिकांचा: ऐकले ते आपल्या शब्दांत परत म्हणून विचारावे, "सो, नो कॅश्यू इन द ग्रेव्ही?" एवढी पाच-सहा शब्दांची पुनरुक्ती आमच्या त्या विद्यार्थ्याने केली असती, तर बाईंनी तेथल्या तेथे मान हलवली असती आणि तो ताट घेऊन निर्धास्तपणे गेला असता.

पालकांनाही एक विनंती आहे. मूल शाळेतून येऊन काही सांगू लागते, तेव्हा आपण भ्रमणध्वनीवरील नजर न उचलता "हं, हं" करतो. तो हुंकार नव्हे. मुलांना ते लगेच कळते, आणि मग तीही तसलाच हुंकार देण्यास शिकतात. दूरदेशी असलेल्या मुलाने चार ओळींचा संदेश धाडला की त्याला उभ्या अंगठ्याचे चित्र पाठवून आपण मोकळे होतो. तो अंगठा 'वाचले' म्हणतो, 'समजले' म्हणतो की 'मान्य आहे' म्हणतो, हे बिचाऱ्या मुलाने ओळखावे! एखादा शब्द लिहावयास असा कितीसा वेळ लागतो?

आमच्या वर्गात आम्ही आता "समजले ना?" हा प्रश्न विचारणे सोडले आहे. धडा संपला की कोणातरी एकाला उठवून, तू काय ऐकलेस ते तुझ्या शब्दांत सांग, असे म्हणतो. तो घोष नाहीसा झाला. पहिल्या आठवड्यात दहांपैकी पाचांनाच काही सांगता आले, आणि आमचा अभिमान बराच खाली उतरला. पण दुसऱ्या महिन्यात एके दिवशी शेवटच्या बाकावरील एक मुलगी आपण होऊन उभी राहिली. दोन वर्षे ती इतरांच्या सुरात सूर मिसळून "येस् सर" म्हणत आली होती. थरथरत्या आवाजात ती म्हणाली, "सर, आय् डिडन्ट अंडरस्टँड." पाठ न करता स्वतः जुळवलेले तिचे ते पहिले इंग्रजी वाक्य आम्ही ऐकले. ते निर्दोष होते, आणि मुख्य म्हणजे खरे होते. आम्ही तिला "थँक यू" म्हणालो आणि तो परिच्छेद पुन्हा आरंभापासून शिकवला. तेव्हा आणखी चौदा मुलांनी तो प्रथमच लक्ष देऊन ऐकला, असे मागाहून कळले.

विद्यार्थी मित्रहो, इंग्रजी शिका, चांगली शिका. तिचे हे लहानसहान शब्दही शिका. मात्र हुंकार द्यावयाचा तेथे हुंकार द्या, होकार द्यावयाचा तेथे होकार द्या, आणि दोन्ही देता येत नसतील तर उभे राहून तसे सांगा. तुमच्यावर रागावण्याचा अधिकार निदान आमच्या तासाला तरी कोणाला नाही.